अँटकॉन्क आणि क्वालकोडर : मराठी मुलाखतींच्या अभ्यासासाठी दोन मोफत प्रणालींचे परीक्षण

कोकण किनाऱ्यावरची महाविद्यालये, ग्रंथालये आणि सामाजिक संस्था आता मुलाखती मोठ्या प्रमाणावर गोळा करू लागल्या आहेत. मच्छीमार, आंबा बागायतदार, ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ या वादळांत घरे गमावलेली कुटुंबे, दशावतारातले जुने कलावंत अशा अनेकांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित होते, विद्यार्थी ते ऐकून उतरवतात आणि शेवटी अभ्यासकापुढे शेकडो पानांचा मजकूर उभा राहतो. तिथून पुढे बहुतेकांची वाट ठरलेली असते. मराठी किंवा समाजशास्त्र विभागातला अभ्यासक मनात ठसलेले उतारे निवडून त्यांवर भाष्य करतो, तर संख्याशास्त्राकडून आलेला अभ्यासक शब्द मोजून कोष्टके करतो. पहिल्या पद्धतीत हाच उतारा का निवडला याचे उत्तर सापडत नाही आणि दुसरीत आकडा कोणत्या बोलण्यातून आला हे कळायला मार्ग राहत नाही. या दोन्ही उणिवा एकमेकींच्या मदतीने भरून काढता येतात, आणि त्यासाठी महागडी प्रणाली विकत घ्यावी लागत नाही, हे दाखवणाऱ्या दोन संगणक-प्रणालींचे हे परीक्षण आहे. मोजणीसाठी अँटकॉन्क आणि वाचून खुणा करण्यासाठी क्वालकोडर, अशी ही जोडी आहे. माझे मत आधीच सांगतो: मराठीसाठी करावी लागणारी पूर्वतयारी करण्याची आणि दोन्ही प्रणालींत आळीपाळीने जाण्या-येण्याची तयारी असेल, तर ही जोडी अवश्य वापरावी; ती नसेल तर दोन्हींपैकी एकीचाही फारसा उपयोग होणार नाही.

अँटकॉन्क ही प्रणाली जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी तयार केली असून ती २००२ पासून उपलब्ध आहे. ती मोफत मिळते, मात्र तिचा मूळ संकेत (सोर्स कोड) खुला नाही. क्वालकोडर कॉलिन कर्टन यांनी पायथॉन या भाषेत लिहिली आहे आणि ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोणालाही तिचा संकेत पाहता येतो आणि बदलता येतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर दोन्ही चालतात. एकदा उतरवून घेतल्या की त्यांना इंटरनेट लागत नाही. भर पावसात दिवसदिवस जोडणी नसणाऱ्या आमच्या भागात ही सोय किती मोलाची आहे, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मोजणे श्रेष्ठ की वाचणे, हा वाद जुनाच आहे. १९५२ मध्ये बर्नार्ड बेरेलसन यांनी आशय-विश्लेषणाची, म्हणजे मजकुरात काय म्हटले आहे याच्या पद्धतशीर अभ्यासाची, व्याख्या करताना ते वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक असले पाहिजे असे म्हटले. त्याच वर्षी सीगफ्रीड क्राकाउर यांनी गुणात्मक आशय-विश्लेषणाची बाजू मांडणारा लेख लिहून असे दाखवले, की मजकुराचे तुकडे करून मोजताना संपूर्ण मजकुराचा अर्थ हातातून निसटू शकतो, आणि काय मोजायचे हे ठरवण्यातच अर्थ लावण्याची क्रिया होऊन गेलेली असते. क्राकाउर यांचा हा दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही कोष्टकाच्या स्तंभाला नाव देताना आपण मजकूर वाचलेलाच असतो. मग ते वाचन लपवण्यापेक्षा नोंदवून ठेवलेले बरे. या दोन प्रणालींचे मूल्यमापन मी याच कसोटीवर केले आहे.

आमच्या अभ्यासगटाने तपासलेला मजकूर दोन प्रकारचा होता. मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या रापणकरांच्या (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या), लहान होडीवाल्यांच्या आणि मासे विकणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती मुख्यतः मालवणीत होत्या. त्यांच्या जोडीला मच्छीमारांनी वेळोवेळी शासनाला दिलेली निवेदने होती आणि ती प्रमाण मराठीत होती. पर्ससीन जाळ्यांच्या (थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) मासेमारीवर २०१६ मध्ये आलेले निर्बंध, एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये झालेले बदल हे विषय दोन्हीकडे येतात, पण फार वेगळ्या रीतीने. मोजणी आणि वाचन यांची सांगड घालून पाहायला असा मजकूर चांगला, कारण बोली, विषय आणि बोलणाऱ्याचे स्थान या तिन्हींचे फरक त्यात एकमेकांत मिसळलेले असतात.

अँटकॉन्कपासून सुरुवात करणाऱ्या मराठी अभ्यासकाने पहिला तास शब्द म्हणजे काय, हे प्रणालीला शिकवण्यात घालवावा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सामायिक लिपी-प्रमाणात, देवनागरीची व्यंजने आणि स्वर ‘अक्षर’ या वर्गात येतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे मात्र ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. अँटकॉन्कच्या मूळ मांडणीत फक्त अक्षर-वर्ग शब्दाचा भाग धरला जातो. त्यामुळे ‘मासेमारी’ या शब्दाचे म, स, म, र असे चार तुकडे होतात आणि शब्दयादीत सर्वांत वर एकेरी व्यंजनांची रांग लागते. पाठसंग्रह, म्हणजे तपासायच्या फाइलींचा संच, तयार करताना शब्दाच्या व्याख्येत चिन्ह-वर्गही निवडला की हा प्रश्न सुटतो. हा दोष इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या मांडणीतून येतो. उपाय जागेवरच असल्यामुळे मी त्याला मोठा दोष मानत नाही, पण ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्याच दिवशी प्रणाली बंद करून टाकेल.

दुसरी अडचण आपल्या टंकलेखनाची आहे. ‘वारा’ या शब्दाचे सामान्यरूप ‘वाऱ्या’ असे होते, आणि कोकणातल्या मच्छीमाराच्या बोलण्यात वाऱ्याचा, वाऱ्याने, वाऱ्यात ही रूपे पदोपदी येतात. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. काही जण ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात, तर काहींचा कळफलक साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात. शिवाय ते अदृश्य चिन्ह अक्षर-वर्गातही बसत नाही आणि चिन्ह-वर्गातही बसत नाही, म्हणून शब्द तिथेच तुटतो. मुलाखती चार विद्यार्थ्यांनी उतरवल्या असतील, तर एकाच्या फाइलीत वारा भरपूर आणि दुसऱ्याच्या फाइलीत जवळजवळ नाही, असे चित्र दिसते आणि त्यावरून एखादा उत्साही अभ्यासक गावांमधला फरक सिद्ध करायला निघू शकतो. हे टाळण्यासाठी सर्व फाइली यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवण-पद्धतीत साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवाव्यात आणि ‘शोधा व बदला’ वापरून अर्ध्या रचे एकच रूप करून घ्यावे. पर्ससीन, पर्सीन, पर्सिन यांसारखी लेखनभेदांची यादीही आधीच करावी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेली निवेदने तर रूपांतर केल्याशिवाय वाचलीच जाणार नाहीत.

एवढे झाले की अँटकॉन्क आपले खरे बळ दाखवू लागते. शोधशब्द मधल्या स्तंभात, त्याच्या डावी-उजवीकडचा मजकूर त्याच ओळीत, आणि अशा ओळींची एकाखाली एक मांडणी, असा जो संदर्भसूचीचा पडदा तिच्यात आहे तो माझ्या मते या परीक्षणातला सर्वांत उपयुक्त भाग आहे. एक उदाहरण तपशिलाने देतो. आम्ही ‘गाव*’ असा शोध घेतला. तारका चिन्ह घातले की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मिळतात, आणि विभक्ती-प्रत्यय जोडून येणाऱ्या मराठीसारख्या भाषेत ती सोय अपरिहार्य आहे. गावात, गावचा, गावकरी हे अपेक्षित शब्द आलेच. पण मालवणीत ‘गावणे’ म्हणजे मिळणे, म्हणून ‘गावला’, ‘गावतत’, ‘गावणा नाय’ ही रूपेही त्याच रांगेत आली. नुसता आकडा घेतला असता तर या मुलाखतींत गावाविषयी फार बोलले जाते, असे कोणालाही वाटले असते. ओळी उजवीकडच्या पहिल्या शब्दानुसार लावल्या तेव्हा ‘नाय’ हा शब्द एका खाली एक असा लांबच लांब रांगेत दिसू लागला. मग त्याच ओळी डावीकडच्या शब्दानुसार लावल्या, तर तिथे बांगडो, सुरमई, पापलेट अशी माशांची नावे आणि त्यांच्याही अलीकडे ‘पयल्यासारखो’ हा शब्द. ‘पयल्यासारखो बांगडो गावणा नाय’ हे एका माणसाचे वाक्य नसून अनेकांच्या बोलण्यातला ठरलेला साचा आहे, हे त्या पडद्यावर डोळ्यांना दिसले. मोजणीने या ओळी एकत्र आणल्या आणि वाचनाने त्यांतले गाव आणि गावणे वेगळे केले. यातले एकही काम दुसऱ्याशिवाय झाले नसते.

याच प्रणालीतली वितरणाची आडवी पट्टी मला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावीशी वाटते. प्रत्येक फाइल म्हणजे एक पट्टी आणि शब्द जिथे जिथे आला तिथे उभी रेघ, एवढीच ती आकृती असते. एखादा शब्द एकूण संग्रहात भरपूर वेळा आला असला, तरी तो सगळ्यांच्या तोंडी आहे की एकाच बोलक्या माणसाने पुन्हा पुन्हा उच्चारला आहे, हे त्या रेघांवरून क्षणात कळते. मुलाखती घेणाऱ्याच्या स्मरणात नेहमी ठसकेबाज बोलणारा माणूस राहतो आणि त्याचे शब्द सगळ्या किनाऱ्याचे शब्द वाटू लागतात. ही पट्टी त्यावर चांगला अंकुश ठेवते. संख्यांच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळावे. दोन संग्रहांचा आकार वेगळा असतो, म्हणून कच्ची संख्या कधीच शेजारी ठेवू नये. समजा, १५,००० शब्दांच्या संग्रहात एखादा शब्द ३० वेळा आला आणि ४०,००० शब्दांच्या संग्रहात ४० वेळा आला, तर दर १०,००० शब्दांमागे पहिल्यात तो २० वेळा आणि दुसऱ्यात १० वेळा येतो, म्हणजे कच्च्या संख्येने लहान दिसणारा वापर प्रत्यक्षात दुप्पट असतो.

विशेष शब्दांची यादी, म्हणजे एका संग्रहाच्या तुलनेत दुसऱ्यात प्रमाणाबाहेर जास्त येणाऱ्या शब्दांची यादी, हे अँटकॉन्कचे सर्वांत प्रसिद्ध साधन आहे आणि तेच सर्वांत जास्त जपून वापरण्याजोगे आहे. तुलना संभाव्यतेच्या गुणोत्तरावर आधारलेल्या एका संख्येने होते. ती ३.८४ च्या वर गेली, की निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी आहे असे मानतात. पण शब्द एकमेकांपासून स्वतंत्र असतात असे या हिशेबात गृहीत धरलेले असते, आणि माणसाच्या बोलण्यात तसे ते कधीच नसतात. त्यामुळे मोठ्या संग्रहात शेकडो शब्द ही मर्यादा सहज ओलांडतात. आम्ही मुलाखतींची तुलना निवेदनांशी केली तेव्हा यादीच्या डोक्यावर ‘नाय’, ‘माका’, ‘आमका’, ‘तेचो’ असे शब्द आले. मुलाखती मालवणीत आहेत आणि निवेदने प्रमाण मराठीत आहेत एवढेच त्यातून समजले, आणि ते आधीच माहीत होते. उपयोगी माहिती मिळाली ती तुलना बदलल्यावर. मालवणी मुलाखतींच्या आतच रापणकरांच्या मुलाखती एका बाजूला आणि मासे विकणाऱ्या स्त्रियांच्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तेव्हा बोलीचा फरक गळून पडला आणि व्यवसायाचा फरक वर आला: एकीकडे वारा, उधाण, जाळे आणि पर्ससीन, दुसरीकडे भाव, बर्फ, टोपली, एसटी. तुलनेसाठी समोर काय ठेवायचे हा निर्णय प्रणाली घेत नाही, आणि या साधनाचे सारे यश त्या एका निर्णयावर अवलंबून आहे. सहशब्द, म्हणजे वारंवार एकमेकांजवळ येणारे शब्द, शोधण्याची सोयही तिच्यात आहे आणि ती चांगली चालते, पण शे-पन्नास पानांच्या संग्रहात तिच्यातून ठोस काही हाती लागणे कठीण असते.

आता क्वालकोडर. या प्रणालीत मजकूर उघडून एखादे वाक्य निवडायचे आणि त्याला आपण ठरवलेला एक कोड, म्हणजे विषयाचे छोटे नाव, जोडायचा, एवढेच मूळ काम असते. कोडना रंग देता येतात, त्यांचे गट करता येतात, एकाच वाक्याला अनेक कोड लावता येतात आणि प्रत्येक कोडला, प्रत्येक खुणेला, प्रत्येक फाइलीला स्वतंत्र टिपण जोडता येते. टिपणांची ही मुबलक सोय मला फार महत्त्वाची वाटते, कारण अमुक वाक्याला अमुक कोड का लावला याची नोंद तिथल्या तिथे होते. देवनागरी मजकूर ती नीट दाखवते आणि कोडची नावे मराठीत ठेवता येतात. मजकुराशिवाय चित्रे, ध्वनी आणि चित्रफिती यांवरही खुणा करता येतात, मात्र त्या भागाचा मी फारसा वापर केलेला नाही.

वाचून कोड लावण्याची गरज मला मासे विकणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखतींत सर्वांत स्पष्टपणे जाणवली. पर्ससीन हा शब्द त्यांच्या बोलण्यात जवळजवळ येतच नाही. केवळ शब्द मोजणारा अभ्यासक म्हणेल की पर्ससीन मासेमारीच्या वादाशी त्यांचा संबंध नाही. पण एक बाई म्हणते, ‘टोपली अर्धीच भरता.’ या वाक्यात मासे नाही, कमी नाही, जाळे नाही, तक्रारीचा एकही शब्द नाही, आणि तरीही समुद्रातली पकड घटल्याचे याहून नेमके विधान आमच्या साऱ्या संग्रहात क्वचितच सापडेल. असे वाक्य कोणत्याही शब्दशोधात येत नाही. ते वाचणाऱ्यालाच दिसते. क्वालकोडरमध्ये त्याला ‘आवक घटणे’ हा कोड लावला, आणि अशी वाक्ये जमत गेल्यावर या स्त्रिया त्याच संकटाविषयी बोलत आहेत, फक्त ते जाळ्याच्या बाजूने न सांगता बाजाराच्या बाजूने सांगत आहेत, हे उघड झाले. त्यानंतर ‘टोपली’ हा शब्द घेऊन पुन्हा अँटकॉन्कमध्ये गेलो आणि त्याच्या सर्व ओळी वाचल्या. दोन प्रणालींमधली ही ये-जा म्हणजेच या पद्धतीचा गाभा आहे: वाचताना सापडलेला शब्द मोजायला न्यायचा, आणि मोजताना सापडलेला साचा वाचायला आणायचा.

कोड लावण्याचे काम एकट्याने केले तर ते एकाचेच मत ठरते. म्हणून तोच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे कोड करावा आणि त्यांचे किती जुळते ते पाहावे, असा दंडक आहे. क्वालकोडर दोन कोड लावणाऱ्यांची तुलना करून सहमतीची टक्केवारी आणि कोहेन यांचा ‘कप्पा’ (ग्रीक अक्षराचे नाव दिलेले सहमतीचे एक माप), असे दोन्ही आकडे देते. कप्पा १९६० मध्ये जेकब कोहेन यांनी मांडला, आणि त्याची गरज का पडली हे एका काल्पनिक हिशेबाने समजते. समजा, १०० वाक्ये आहेत. त्यांपैकी ५ वाक्यांना दोघांनीही ‘आवक घटणे’ हा कोड लावला, ८५ वाक्यांना दोघांनीही लावला नाही, आणि उरलेल्या १० वाक्यांपैकी ५ ना फक्त पहिल्याने आणि ५ ना फक्त दुसऱ्याने लावला. सहमती ९० टक्के भरते आणि ऐकायला फार छान वाटते. पण प्रत्येकाने एकूण १० वाक्यांनाच कोड लावला असल्यामुळे, दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी ८२ टक्के सहमती आपोआप आली असती. कप्पा हा आपोआपचा भाग वजा करतो: ९० मधून ८२ वजा केले तर ८ उरतात, आणि १०० मधून ८२ वजा केले तर १८, ८ भागिले १८ म्हणजे सुमारे ०.४४. ज्याला ९० टक्के म्हणून मिरवले असते, ते प्रत्यक्षात मध्यम दर्जाचे जुळणे निघते. मुलाखतींतले महत्त्वाचे विषय बहुधा विरळच असतात, त्यामुळे हा फरक आपल्यासारख्यांच्या कामात वारंवार येणार आहे.

इथे क्वालकोडरची एक खोच लक्षात ठेवावी. तिचा हिशेब वाक्यांवर होत नसून वर्णांवर होतो. एकाने पूर्ण वाक्य निवडले आणि दुसऱ्याने त्यातला अर्धाच भाग निवडला, तर अर्थाबाबत दोघांचे एकमत असूनही कप्पा खाली येतो. त्यामुळे सुरुवातीलाच ‘नेहमी पूर्ण वाक्य निवडायचे, विरामचिन्हासह’ असा नियम करून टाकावा. कप्पा कमी आला की प्रणालीला किंवा सहकाऱ्याला दोष देण्याआधी न जुळलेली वाक्ये एकत्र बसून वाचावीत. आमच्याकडे बहुतेक मतभेद एकाच ठिकाणी होते: बोलणारा स्वतःची पकड घटल्याचे सांगतो आहे, की आजकाल असे म्हणतात म्हणून सांगतो आहे? या प्रश्नातून एका कोडचे दोन झाले, ‘आवक घटणे, स्वानुभव’ आणि ‘आवक घटणे, ऐकीव’, आणि अभ्यासाला त्या विभाजनाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही. कमी आलेल्या आकड्याने आम्हाला पुन्हा वाचायला बसवले, एवढ्यावरूनच या सोयीची किंमत कळते.

क्वालकोडरमध्ये प्रत्येक मुलाखतीला गाव, वय, व्यवसाय असे गुणधर्म जोडता येतात आणि कोणता कोड कोणत्या गटात किती वेळा आला याचे कोष्टक काढता येते. इथे अभ्यासकाने स्वतःला आवर घालावा. पाच जणांच्या गटातले ६० टक्के म्हणजे तीन माणसे. तिथे तीन माणसे असेच लिहावे. शिवाय एकाच व्यक्तीच्या मुलाखतीत तोच कोड वीस वेळा येऊ शकतो, म्हणून खुणांची संख्या आणि व्यक्तींची संख्या वेगवेगळ्या स्तंभांत दाखवावी. ठरावीक शब्द असलेल्या सर्व वाक्यांना आपोआप कोड लावण्याची सोयही आहे. ‘एलईडी’सारख्या एकाच अर्थाच्या शब्दासाठी ती वेळ वाचवते, पण ‘गाव’सारख्या शब्दासाठी ती सारा संग्रह बिघडवून ठेवील, हे वरच्या उदाहरणावरून लक्षात आले असेलच.

उणिवांविषयीही लिहायला हवे. दोन्ही प्रणालींचे पडदे मराठीत नाहीत, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी संज्ञांची सवय व्हायला वेळ लागतो. मराठी शब्दाची सगळी रूपे एका मूळ शब्दाखाली आणण्याची तयार सोय कोणातही नाही. तारका चिन्ह काही अंशी मदत करते, पण मासा, माशाला, मासळी अशी मूळच बदलणारी रूपे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि ‘मास*’ लिहिले तर मासिकही येते. दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, त्यामुळे अँटकॉन्कमध्ये सापडलेली ओळ क्वालकोडरमध्ये हाताने शोधावी लागते. मॅक्सक्यूडीए, एनव्हिवो, अ‍ॅटलास टीआय यांसारख्या सशुल्क प्रणालींत शब्दमोजणी आणि कोड एकाच खिडकीत मिळतात, आणि ज्या संस्थेला त्यांचा परवाना परवडतो तिने तो जरूर घ्यावा. इंटरनेटवर मोफत चालणारी व्हॉयंट ही प्रणाली दिसायला फार सुंदर आहे आणि वर्गात दाखवायला उत्तम आहे, पण तिच्या संकेतस्थळावर काम करायचे म्हणजे मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर पाठवणे आले. ते टाळायचे असेल तर तिची आपल्या संगणकावर चालणारी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते.

हा शेवटचा मुद्दा किनारपट्टीवर गौण नाही. बंदीच्या काळात कोण समुद्रात गेले, कोणाच्या होडीवर दिवे होते, कोणाशी भांडण झाले, हे लोक विश्वासाने सांगतात, आणि बंदर लहान असल्यामुळे नाव काढून टाकले तरी होडीच्या वर्णनावरून माणूस ओळखता येतो. आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय काम करू देणाऱ्या प्रणालीला मी केवळ या कारणासाठीही झुकते माप देईन. नावे बदलण्याचे काम मात्र दोन्ही प्रणालींत मजकूर घालण्यापूर्वीच करावे. क्वालकोडरमध्ये खुणा केल्यानंतर मजकुरात फेरफार करायला गेले, तर खुणांच्या जागांची फेरतपासणी करावी लागते.

ज्यांच्याकडे पाच-सहा मुलाखती आहेत, त्यांनी अँटकॉन्कच्या वाटेला न जाता क्वालकोडर किंवा सरळ कागद-पेन्सिल वापरावी. तेवढ्या मजकुरात मोजणीला अर्थ नसतो. ज्यांच्याकडे वर्तमानपत्रांची वर्षानुवर्षांची कात्रणे आहेत, त्यांनी आधी अँटकॉन्कमध्ये वर्षवार चढउतार पाहावेत आणि मग निवडक वर्षेच क्वालकोडरमध्ये वाचायला घ्यावीत. मधल्या आकाराच्या संग्रहासाठी, म्हणजे इथल्या बहुसंख्य प्रबंधांसाठी आणि संस्थांच्या अहवालांसाठी, दोन्ही लागतील. अशा अहवालाच्या परिशिष्टात चार गोष्टी अवश्य द्याव्यात: लेखनभेद एकरूप करताना केलेल्या बदलांची यादी, अँटकॉन्कमध्ये निवडलेली शब्दाची व्याख्या, प्रत्येक कोडची व्याख्या तो कुठे लावायचा नाही यासह, आणि चर्चेआधीचा व चर्चेनंतरचा कप्पा. क्वालकोडरचा प्रकल्प आरईएफआय-क्यूडीए या सामायिक स्वरूपात बाहेर काढता येतो आणि सशुल्क प्रणालींतही तो उघडता येतो. म्हणून मुलाखत देणाऱ्यांची परवानगी असेल तिथे नावे काढलेली ती फाइल जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात ठेवावी, म्हणजे पुढचा अभ्यासक त्याच मुलाखतींवर स्वतःचे कोड लावून आपले निष्कर्ष तपासू शकेल.